सुरीपासून बर्फापर्यंत : मेंदूतल्या एन्झाइम-प्रकल्पाच्या नोंदी

आम्हाला मागच्या बॅचची वही मिळाली तेव्हा तीत शेवटचं टेबल नीटनेटकं होतं, पण काय चुकलं त्याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून ही वही उलटी लिहिली आहे. चुका आधी, टेबल शेवटी, आणि तेही छोटंच.

१४ नोव्हेंबर २०२४
विषय पक्का झाला. रोहू, ब्रॉयलर कोंबडी आणि बोकड या तीन पृष्ठवंशी प्राण्यांच्या मेंदूत दोन गोष्टी बघायच्या. एक, चेतापेशींचा निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन तोडणारं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम किती जोरात चालतं. दोन, मोकळी अमिनो आम्लं कोणती आहेत, विशेषतः चेतापेशींना चेतवणारं ग्लुटामेट आणि त्यांना शांत करणारं गाबा. कॉलेजात विच्छेदन कधीच बंद झालं, त्यामुळे सगळा माल खाटकाकडून आणि मासळीवाल्या मावशींकडून. वेगळा प्राणी मारायचा नाही, दुकानात कापला जाईल त्यातलंच घ्यायचं.

एन्झाइम हेच का, असं मॅडमनी विचारलं. माझी पार्टनर निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं याच एन्झाइमला धरून बसतात आणि ते बंद पाडतात. फवारणीनंतर डोकं गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं असं घरात ऐकत ती मोठी झाली. मॅडमना एवढं कारण पुरलं.

१८ नोव्हेंबर
खरेदी. डीटीएनबी (सल्फर-गट भेटला की पिवळा रंग देणारं रसायन) १ ग्रॅम, ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइड १ ग्रॅम, निनहायड्रिन (अमिनो आम्लांना जांभळं करणारं), तुलनेसाठी शुद्ध गाबाचं स्टँडर्ड. सगळे मिळून ४,८०० रुपये गेले, विभागाकडून २,५०० मिळाले, उरलेले दोघींच्या खिशातून. ब्युटेनॉल आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड लॅबमध्ये होतंच. अल्कोहोल कुलपात असतं. रजिस्टरवर सही करून मापून मिळतं, तेव्हा एक दिवस आधी सांगा. आम्ही ऐन वेळी मागितलं आणि एक सकाळ गेली.

२१ नोव्हेंबर
रोहूची सहा मुंडकी आणली. पिशवीत एवढं वजन, म्हणून वाटलं मेंदू भरपूर मिळेल. कवटी उघडल्यावर आत पातळ चरबीत तरंगणारा एवढासा तांदळासारखा पांढरा गोळा. सहा मुंडक्यांतून तीन ग्रॅमच्या आतच भरला, त्यातला निम्मा कात्रीने चिरडला गेला. मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, माशाला डोकं असतं, अक्कल नसते!" कवटी वरून फोडू नका. डोळ्यांच्या मागून आडवी काप द्या आणि झाकण उचलल्यासारखं उचला. चौथ्या मुंडक्यापासून जमलं.

कोंबडीचा मेंदू तीनेक ग्रॅम, बोकडाचा भेजा शंभराच्या वर. बोकडाच्या बाबतीत माल कमी पडणार नाही. मात्र भेजा दुकानात किती वेळ पडलेला असतो हे आज आम्ही विचारलंच नाही. पुढे याचीच किंमत मोजली.

२५ नोव्हेंबर
एलमन यांची १९६१ ची पद्धत. एन्झाइम ॲसिटिलथायोकोलिन फोडतं, त्यातून थायोकोलिन सुटतं, ते डीटीएनबीशी जुळून पिवळा रंग देतं. पिवळा किती वेगाने चढतो ते मोजायचं. वाचताना पाच मिनिटांचं काम वाटतं.

डीटीएनबी विरघळलंच नाही. तासभर हलवलं, तळाशी पिवळट गाळ तसाच. मूळ कृती नीट वाचली तेव्हा कळलं की ३९.६ मिलिग्रॅम डीटीएनबी, पीएच ७ चं १० मिलिलिटर फॉस्फेट बफर, आणि वर १५ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. शेवटची वस्तू आम्ही किरकोळ समजून सोडली होती. चिमूटभर टाकताच दोन मिनिटांत स्वच्छ.

२९ नोव्हेंबर
पहिलं रीडिंग. मेंदू न घालताच ब्लँक पिवळा. एका मिनिटात दिसण्याइतका. आम्ही डीटीएनबीला दोष दिला, मग बाटलीला, मग पुरवठादाराला. काकांनी, म्हणजे आमच्या लॅब असिस्टंटनी, पीएच मीटरकडे बोट दाखवलं. त्याचं कॅलिब्रेशन पावसाळ्यापासून कोणी केलं नव्हतं. ७ आणि ९.२ च्या बफरने तपासलं तर आमचं "८.०" प्रत्यक्षात ८.६ निघालं. पीएच चढला की ॲसिटिलथायोकोलिन एन्झाइमशिवाय आपोआपच फुटतं. बफर नव्याने केलं. दिवस वाया.

३ डिसेंबर
पीएच बरोबर, तरी ब्लँक पिवळा. पण या वेळी वेगळ्या तऱ्हेने. आधी हळूहळू चढायचा, आता डीटीएनबी टाकल्या टाकल्या झटक्यात चढतो आणि थांबतो.

४ डिसेंबर
ताजं बफर, ताजं पाणी, नवीन टेस्ट ट्यूब. पिवळा. काकांनी मोडीत काढायला ठेवलेला जुना कलरीमीटरही (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) लावून पाहिला. पिवळा तो पिवळाच.

६ डिसेंबर
सापडलं. लिहिताना अजून हसू येतंय.

बर्फासाठी पार्टनरने घरून थर्माकोलचा डबा आणला होता. सुरेख, जाड, झाकणाचा. मागच्या हंगामात त्यात ग्रेप गार्डची पॅडं ठेवलेली. निर्यातीच्या द्राक्षांच्या पेटीत टाकतात ती, बुरशी लागू नये म्हणून. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओल लागली की हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतं. एक फाटलेलं पॅड डब्याच्या तळाशी चिकटून राहिलं होतं. बर्फ वितळला, पावडर पाण्यात उतरली, आणि त्याच पाण्यात आमची बफरची बाटली आणि उघड्या ट्यूब. सल्फाइट डीटीएनबीला थेट तोडतं, म्हणून तो झटक्याचा पिवळा.

पडताळा म्हणून डब्यातलं पाणी दोन थेंब स्वच्छ बफरमध्ये टाकलं. क्युव्हेट, म्हणजे मोजणीची छोटी नळी, हळदीसारखी. पार्टनरने डब्याला हात जोडले आणि घरी फोन लावला. पलीकडून वडिलांचा पहिला प्रश्न, "पॅड नीट आहे ना?"

तीन दिवस गेले. डबा बदलला, २२० रुपये.

९ डिसेंबर
कोंबडीचं रीडिंग आता येतंय, पण बोकडाचं बेभरवशाचं. मॅडमनी ट्यूब उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे गुलाबी आहे." हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास कडकडून प्रकाश शोषतं आणि आपला पिवळा ४१२ ला मोजायचा असतो. वर सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींवरही हेच एन्झाइम असतं. म्हणजे रक्त राहिलं तर दोन्हीकडून घोळ. भेज्याचं वरचं पातळ आवरण चिमट्याने सोलून काढायचं, त्यातच रक्तवाहिन्या असतात. मग थंड सलाइनमध्ये दोनदा बुडवायचं, टिपकागदावर टेकवायचं. आवरण सोलायला पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागली, आता आठ.

अर्कात डीटीएनबी टाकल्यावरही आधी थोडा पिवळा चढतो. प्रथिनांवरचे आणि ग्लुटाथायोनचे सल्फर-गट असतात ते. पाच मिनिटं थांबा, रेष सपाट होऊ द्या, मगच सबस्ट्रेट, म्हणजे ॲसिटिलथायोकोलिन, टाका. आम्ही घाईत दोन्ही एकदम टाकत होतो आणि एन्झाइम फार जोरदार आहे म्हणून खूश होत होतो.

११ डिसेंबर
आज थंडी अशी की हातांत पिपेट धरवत नव्हतं. सकाळी नऊला लॅबमधलं तापमान १६ अंश, दुपारी दोनला २४. तोच अर्क, तीच ट्यूब, दुपारचं रीडिंग जवळजवळ दीडपट. गेल्या आठवड्यातली रोहू-कोंबडी तुलना त्यामुळे रद्द, कारण रोहू सकाळी मोजली होती आणि कोंबडी जेवणानंतर. आता सगळं २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये.

आमच्याकडे कलरीमीटर आहे, त्यात ४२० ची काच. पुस्तकातला १३,६०० हा आकडा (पिवळ्याच्या शोषणावरून त्याचं प्रमाण काढायचा गुणांक) ४१२ ला स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी आहे, तो इथे थेट लावायचा नाही. सिस्टीन या सल्फर-गट असलेल्या अमिनो आम्लाची ठरावीक मापं घेऊन स्वतःची रेष काढायची. त्यात अजून एक गंमत: काल केलेलं सिस्टीन आज वापरलं, तर ते हवेने बरंचसं ऑक्सिडाइज झालेलं होतं. रेष खाली बसली आणि एन्झाइमचा आकडा फुगला. सिस्टीन त्याच सकाळी करा, बर्फात ठेवा, दुपारी फेकून द्या.

१३ डिसेंबर
अमिनो आम्लांकडे वळलो. कागदी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे द्रावक कागदावर चढतो आणि अमिनो आम्लं वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटी होतात. व्हॉटमन १ कागद, द्रावक ब्युटेनॉल-ॲसेटिक ॲसिड-पाणी. जुनाट वाटेल, पण १९५० साली युजीन रॉबर्ट्स यांना उंदराच्या मेंदूच्या अर्कात निनहायड्रिनने जांभळा होणारा अनोळखी ठिपका कागदावरच दिसला होता. तोच गाबा. तेव्हा आपल्या लॅबला लाजायचं कारण नाही.

पहिला कागद उघडला. ठिपके मोजून चार. आणि कडेला एक लखलखीत जांभळा अंगठा, त्यावरच्या रेषा मोजता येतील असा. घामातही अमिनो आम्लं असतात. कागद कडेला धरायचा, तोही हातमोजे घालून. पुराव्यासाठी तो कागद वहीत चिकटवला आहे. अंगठा माझा.

अर्काचा ठिपका मात्र सुरुवातीच्या रेषेवर तेलकट डाग होऊन तसाच बसलेला. मेंदूत चरबी फार, ती अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाकी सगळ्यांना अडकवून ठेवते. उपाय: ८० टक्के अल्कोहोलच्या अर्कात तिप्पट क्लोरोफॉर्म घालून हलवायचा, थर वेगळे होऊ द्यायचे, वरचा पाण्याचा थर तेवढा घ्यायचा. तो थर उथळ ताटलीत वाळवून पुन्हा थोड्या पाण्यात. १ ग्रॅम मेंदूला शेवटी २ मिलिलिटर पाणी, त्यातले २० मायक्रोलिटर कागदावर. एकदम नाही. पाच-पाच करत, मधे हेअर ड्रायरच्या थंड हवेने सुकवत.

१७ डिसेंबर
अखेर सुंदर कागद. ग्लुटामेटचा मोठा जांभळा गोळा, जोडीला ॲलनिन, वरच्या बाजूला गाबा. बोकडाच्या पट्टीत गाबा सगळ्यांत गडद, रोहूत फिका, कोंबडी मधे. पार्टनर म्हणाली, "बघ, सस्तन प्राण्यात जास्त. उत्क्रांती!" आम्ही समोरच्या टपरीवर जाऊन मिसळ खाल्ली आणि निष्कर्षाचा परिच्छेदही लिहून टाकला.

संध्याकाळी मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला. मग एकच विचारलं: "बोकड किती वाजता कापला होता?"

माहीत नव्हतं. भेजा साडेदहाला घेतला, दुकान सहाला उघडतं. मावशी रोहू बर्फात ठेवतात, तिथे एन्झाइमं थंडावतात. कोंबडी आमच्यासमोर कापली, पण मुंडी हातात पडेपर्यंत पंधरा मिनिटं. म्हणजे गाबाचा क्रम आणि मेल्यावर मेंदू किती वेळ बर्फाविना पडला त्याचा क्रम तोच निघाला.

कारण वहीत लिहून ठेवते, पुन्हा कोणी मिसळ खायच्या आधी वाचावं म्हणून. ग्लुटामेटपासून गाबा बनवणाऱ्या एन्झाइमला, ग्लुटामेट डिकार्बोक्सिलेजला, ऑक्सिजन लागत नाही. श्वास थांबला तरी ते चालूच राहतं. गाबा मोडणाऱ्या वाटेला मात्र अल्फा-किटोग्लुटारेट आणि एनएडी ही पेशीतली मदतनीस रसायनं लागतात, आणि प्राण गेल्यावर दोन्हींचा पुरवठा आटतो. नळ चालू, मोरी तुंबलेली. पाणी चढणारच.

निष्कर्षाचा परिच्छेद फाडला.

१९ डिसेंबर
मार्गशीर्षातला गुरुवार. चिकनच्या दुकानात शुकशुकाट, चाचा मोबाइल बघत बसलेले. एरवी गर्दीत आमच्याकडे कोण लक्ष देणार? आज तेच म्हणाले, "बोला बेटा, आज काय पाहिजे?" काय हवंय ते सांगितलं. मुंडी वेगळी झाली की मधोमध उभी दोन फाकी. एक फाक लगेच, दुसरी तासभराने. चाचांनी सुऱ्याला दोनदा मस्कल्यावर धार दिली आणि एका घावात लिंबू कापावं तशी मुंडी फाकली. डावा-उजवा मेंदू जवळपास सारखा. कोंबडी एकच, वय एकच, खाणं एकच. फरक फक्त घड्याळाचा. इतकी चोख तुलना आम्हाला स्वतःहून सुचली नसती. आमच्या डोक्यात दोन वेगवेगळ्या कोंबड्या होत्या.

काउंटरवर मेंदू वाटायचा काचेचा होमोजिनायझर, त्यात बर्फात थंड केलेलं अल्कोहोल. मेंदूचा गोळा तसाच टाकू नका. अल्कोहोल आत शिरायला वेळ लागतो आणि तोवर आतलं एन्झाइम आपलं काम करत राहतं. टाकता क्षणी दांडा फिरवा. पहिल्या मुंडीला घाव ते अल्कोहोल १४० सेकंद लागले, तिसरीला ७०. पार्टनर स्टॉपवॉच घेऊन मोठ्याने आकडे म्हणत होती, शेजारचा अंडीवाला उठून बघायला आला.

२० डिसेंबर
शेजारी १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम गाबाचे स्टँडर्ड लावले. ७० सेकंदांची फाक: २ पेक्षा थोडी गडद. त्याच मुंडीची तासभर पडलेली फाक: ४ ला टेकलेली. ॲलनिनही उशिराच्या फाकेत ठळक. ग्लुटामेटमध्ये डोळ्यांना फरक दिसत नाही. ते मुळातच इतकं जास्त असतं की त्यातून थोडं गेलं तरी कळत नाही.

आणि ७० सेकंद म्हणजे शून्य नव्हे. गाबा पहिल्या काही मिनिटांतच वेगाने चढतो. आमचा "ताजा" आकडाही खऱ्यापेक्षा वरच आहे.

२७ डिसेंबर
पार्टनरच्या गावात कृत्रिम रेतन करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे द्रवरूप नायट्रोजनचा कॅन असतो. उणे १९६ अंश. त्यांनी दोन लिटर दिला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. स्टीलच्या थर्मासमध्ये आणला. झाकण कधीही घट्ट लावू नका, आतून वायू फुगतो, थर्मास फुटेल. आम्ही वर कापसाचा बोळा ठेवला. नाशिकपर्यंत येता येता निम्मा उडून गेला. प्लॅस्टिकच्या डब्यात थोडा ओतला तर डबा टचकन तडकला. काकांनी "प्लॅस्टिक नको" असं दोनदा बजावलं होतं.

फाक नायट्रोजनमध्ये दगड झाली. पण दगडातून मेंदू खरवडायचा कसा? छिन्नीने काढला, सोबत कवटीचे कण आले. एक फाक काढता काढता वितळली. ती फेकली, कारण वितळली की एन्झाइम पुन्हा जागं होतं. दोनच फाकी हाती लागल्या, आणि दोन्हींत गाबा ७० सेकंदांच्या फाकीपेक्षा फिका. दोन नमुन्यांवर मी आकडा लिहिणार नाही.

३ जानेवारी २०२५
ॲसिटिलकोलिनएस्टरेजची शंका मिटवून टाकली. एकाच भेज्याचे तीन भाग: लगेच, चार तास बर्फात, एक दिवस फ्रीजमध्ये. तिन्ही रीडिंग जवळजवळ सारखी. हे एन्झाइम भलतंच चिवट. म्हणजे एन्झाइमच्या तुलनेसाठी दुकानातला भेजा चालतो, अमिनो आम्लांसाठी चालत नाही. आम्ही दीड महिना दोन्ही एकाच पिशवीतून काढत होतो.

अजून एक मूर्खपणा इथेच नोंदवते. वेळ वाचवायला एकदा अल्कोहोलच्या अर्कातच एन्झाइम मोजायला गेले. शून्य. अल्कोहोलने प्रथिन कधीच मेलेलं. मेंदू आधी दोन भागांत वाटा, एक बफरात, एक अल्कोहोलात.

१० जानेवारी
बोकडाच्या अमिनो आम्लांचा नाद सोडला. खाटकाकडे पहाटे जाऊन उभं राहून पाहिलं. कवटी फोडून भेजा बाहेर यायला त्यांनाही वीस मिनिटं लागतात, आणि गिऱ्हाईक सोडून त्यांनी आमच्यासाठी घाई का करावी? रोहूचं जमलं. मावशींकडे टाकीतला जिवंत मासा येतो त्या दिवशी सहाला पोहोचायचं. मुंडकं लहान, झाकण उचलायची युक्ती आता हातात बसलेली, ९० सेकंदांत काम होतं. वेळ सारखी केल्यावर रोहू आणि कोंबडी यांच्या गाबातला तो "उत्क्रांती"चा फरक बराचसा विरघळला. टॉरिन या आणखी एका अमिनो आम्लाचा ठिपका दोन्हींत दिसतो, त्याला जागेवरून ओळखायला स्वतंत्र स्टँडर्ड लागलं.

सबमिशनला विषयाचं नाव बदललं. आधी "तीन पृष्ठवंशीयांच्या मेंदूतील अमिनो आम्लांची तुलना" होतं. आता बोकड फक्त एन्झाइमच्या प्रकरणात, अमिनो आम्लांच्या प्रकरणात रोहू आणि कोंबडी, आणि दोन्हींत प्रत्येक नमुन्यापुढे कापल्यापासूनचे सेकंद.

१७ जानेवारी
हिशेब. एकूण खर्च ७,३०० रुपये. त्यातले अंदाजे १,६०० चुकांचे. नऊ आठवडे, त्यातला एक ब्लँकच्या पिवळ्यात.

२५ अंशांना एन्झाइम, दर ग्रॅम ओल्या मेंदूमागे दर मिनिटाला मायक्रोमोल, प्रत्येकी पाच नमुने: कोंबडी सर्वांत वर, मग रोहू, मग बोकड. पण बोकडाच्या भेज्याचे आम्ही हाताला येतील ते तुकडे घेतले. हे एन्झाइम मेंदूच्या भागाभागांत वेगवेगळं असतं, आतल्या स्ट्रायटममध्ये भरपूर, बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, कमी. कोंबडी-रोहूचा मेंदू अख्खा वाटला होता, बोकडाचा नाही. म्हणून बोकडाच्या ओळीखाली रेघ मारून तसं लिहिलं आहे. ते पुढच्या बॅचने करावं: भेजा अख्खा वाटा, मग त्यातून नमुना घ्या. मिक्सर लागेल, घरचा आणू नका.

उरलेलं डीटीएनबी फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, काळ्या कागदात गुंडाळून. ॲसिटिलथायोकोलिन त्याच्या शेजारी, साधारण ४०० मिलिग्रॅम. निनहायड्रिनची बाटली कपाटात डावीकडे, झाकण सैल आहे. चाचांचं दुकान गुरुवारी रिकामं असतं. थर्माकोलचा नवा डबा लॅबमधल्या काकांकडे, जुना निफाडला परत गेला.